के फ्रेमची मूठ मागवली, बसत नाही. फ्रेम चुकली की मूठ?

मुठीतली_फट

स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर. .३८ स्पेशल, सहा काडतुसं, ४ इंची नळी, ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा रासायनिक थर) केलेलं. सध्या रबरी मूठ आहे, ती चिकट झालीय आणि हाताला काळं लागतं, म्हणून बदलायची आहे.

योक, म्हणजे सिलिंडर बाहेर झुलवणारा हात, उघडल्यावर फ्रेमच्या खाचेत ‘मॉड १०-७’ वाचता येतं. त्याच्याजवळच तीन आकडे आणि एक अक्षर ठोकलंय. हाच सिरीयल नंबर समजून विक्रेत्याला कळवला, त्याचं उत्तर आलं की या नंबरवरून काहीच सापडत नाही.

रबरी मूठ खालून सपाट, टाचेला स्पष्ट कोपरा. म्हणून ‘के फ्रेम, स्क्वेअर बट’ (के म्हणजे कंपनीची मध्यम मापाची फ्रेम, बट म्हणजे मुठीतल्या लोखंडाचा तळ) असा अक्रोडाचा जोड मागवला. बसवताना असं होतंय:

वरची कमान फ्रेमच्या कमानीला जुळते. खाली मात्र टाचेपाशी लाकूड लोखंडाच्या मागे जवळजवळ अर्धा सेंटिमीटर बाहेर येतं, आत पोकळी दिसते. फ्रेममधली आडवी खुंटी लाकडातल्या भोकावर येत नाही, म्हणून दोन्ही भाग खाली उचललेलेच राहतात. डावा भाग निदान वर तरी चिकटून बसतो. उजवा भाग वरच्या बाजूलाही उचललेला आहे, मधून कागद सरकतो.

ही के फ्रेम नाहीच का? एल असेल का? आणि भोक थोडं कोरून, टाच घासून हाच जोड बसवता येईल का?

---

वर्नियर_हाती

कानस खाली ठेवा. लाकूड घासून हे बसणार नाही, कारण चूक लाकडाची नाही आणि फ्रेमचीही नाही. तुमची फ्रेम केच आहे, पण बट राउंड आहे. आधीच्या रबरी मुठीने फसवलं.

राउंड बटवर बसणाऱ्या पण बाहेरून चौकोनी दिसणाऱ्या मुठी सर्रास मिळतात. त्यांना ‘राउंड टू स्क्वेअर’ म्हणतात. रबरी मुठीचा तर बाहेरचा आकार बघून आतल्या लोखंडाबद्दल काहीच बोलता येत नाही. फ्रेमचं अक्षर आणि बटचा आकार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं असं लोक धरून चालतात आणि पार्सल परत करत बसतात.

आधी सिलिंडर उघडून सगळी घरं (काडतुसांची भोकं) रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मग मूठ काढून उघडं लोखंड उजेडात धरा. स्क्वेअर बटमध्ये मागची पट्टी खाली येते आणि टाचेला कोपरा करून थांबते, तळ लांब आणि सपाट असतो. राउंड बटमध्ये तीच पट्टी तळाच्या अलीकडेच पुढे वळते, कोपरा नसतोच. स्क्वेअरचं लाकूड राउंडवर ठेवलं की नेमकी तुम्ही सांगताय तशी टाचेमागची पोकळी दिसते. वरची कमान जुळते कारण तो भाग दोन्हींत सारखाच आहे. म्हणून तर लोकांना वाटतं की थोडं घासलं की झालं.

आता नंबराचं. खाचेतला तो लहान नंबर जुळणीचा आहे. कारखान्यात फ्रेम, योक आणि साइडप्लेट (फ्रेमच्या उजव्या बाजूचं झाकण) एकमेकांना घासून बसवतात, नंतर त्यांची ताटातूट होऊ नये म्हणून तिन्हींवर तोच नंबर ठोकतात. सिरीयल नंबर बटच्या तळाशी असतो आणि रबरी मूठ तळ झाकत असेल तर तो दिसतच नाही. मूठ काढा, दिसेल. मॉडेल क्रमांक मात्र तुम्ही बरोबर वाचलाय. १९५७ पासून या कंपनीने मॉडेलला क्रमांक दिले, आणि डॅशनंतरचा आकडा रचनेत केलेला बदल सांगतो. १९५७ च्या आधीच्या नगावर मॉडेल क्रमांक नसतो. तो मिळाला नाही म्हणजे नग बनावट, असा निष्कर्ष काढू नका.

एल फ्रेमची शंका वर्नियरने मिटते. सिलिंडरचा बाहेरचा व्यास मोजा. खाचा सोडून, भरीव भागावर. ढोबळ मापं अशी: जे ३३ मिमी, के ३७, एल जवळपास ४०, एन ४३, एक्स ४९. एक-अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होईल, पण दोन फ्रेममधलं अंतर त्याहून मोठं आहे, त्यामुळे गोंधळ होत नाही.

काडतुसं मोजून फ्रेम ठरवू नका. ‘पाच म्हणजे जे, सहा म्हणजे के’ हे .३८ पुरतं बरं आहे. मॉडेल ६९ पाचचं आहे, पण .४४ मॅग्नम आणि एल फ्रेम. ६१७ मध्ये .२२ ची दहा बसतात आणि फ्रेम के. ६२७ मध्ये .३५७ ची आठ बसतात, ती एन.

तसं बघता, मुठीपुरतं के की एल याने तुमचं काही बिघडत नाही. एल फ्रेम १९८० च्या सुमारास आली तेव्हा वरचा भाग थोराड केला, पण मुठीचा सांगाडा केचाच ठेवला. म्हणून बाजारात ‘के/एल’ असं एकत्र लिहिलेलं असतं. इतकंच काय, ५०० मॅग्नमच्या अवाढव्य एक्स फ्रेमलाही के/एल राउंड बटचीच मूठ बसते. जे आणि एन यांचं मात्र स्वतंत्र आहे, तिथे तडजोड नाही.

उजवी बाजू वर का उचलतेय हा वेगळा दोष आहे. तो राउंड-स्क्वेअरने होत नाही. मूठ काढल्यावर उजवीकडे साइडप्लेटचे स्क्रू नीट बघून त्यांची डोकी कशी आहेत ते इथे लिहा.

---

दक्षिणावर्त

वरचं सगळं स्मिथपुरतं खरं. पुढे हा धागा शोधत येणाऱ्यांसाठी थोडं आडवं लिहितो, कारण ‘के फ्रेमसारखी दिसते’ म्हणून कोल्टला के ची मूठ मागवणारे कमी नाहीत.

स्मिथ, कोल्ट आणि रुगर या तिघांपैकी नग कुणाचा हे ठरवायला नाव वाचायची गरज नसते. सिलिंडर उघडायचा खटका पुढे ढकलावा लागला तर स्मिथ, मागे ओढावा लागला तर कोल्ट, आत दाबावा लागला तर रुगर. दुसरी खूण फिरण्याची. मागून पाहताना कोल्टचं सिलिंडर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, स्मिथचं उलट. आणि गंमत म्हणजे, कोल्टच्या डबल अ‍ॅक्शनमध्ये (चाप ओढला की घोडाही मागे जाऊन सुटतो अशा रचनेत) क्रेनखालच्या, म्हणजे कोल्टच्या योकखालच्या, खाचेत असतो तो खराच सिरीयल नंबर असतो. स्मिथवाल्याची सवय कोल्टवाल्याला आणि कोल्टवाल्याची स्मिथवाल्याला बाधते ती इथे.

अक्षरांची नावंही फसवी. कोल्टची ‘जे फ्रेम’ म्हणजे ट्रूपर मार्क थ्रीची मध्यम-मोठी फ्रेम, स्मिथची ‘जे’ म्हणजे खिशातली. नुसतं ‘जे फ्रेमची मूठ द्या’ असं लिहिलंत तर समोरचा स्मिथचीच पाठवणार.

कोल्टच्या डी फ्रेममध्ये, म्हणजे डिटेक्टिव्ह स्पेशल, कोब्रा या घराण्यात, १९६६ मध्ये मुठीचा सांगाडा आखूड केला. मॉडेलचं नाव तेच, मूठ वेगळी. तिथे मॉडेल सांगून भागत नाही, सांगाडा लांब की आखूड ते सांगावं लागतं.

रुगरच्या जीपी१०० ला तर स्मिथसारखा सांगाडाच नाही. फ्रेममधून खाली एक बोटभर खुंट येतो आणि मूठ त्यावर मोज्यासारखी चढते. त्यामुळे त्याच्या मुठीचा आकार हवा तसा करता येतो. सुपर रेडहॉकची मूठ जीपी१०० ला चालते, नुसत्या रेडहॉकची चालत नाही. रुगरच्या सिंगल अ‍ॅक्शनमध्ये (घोडा दर वेळी हाताने ओढावा लागतो ती रचना) मुठीच्या सांगाड्यावर आतल्या बाजूला ‘एक्सआर३’ की ‘एक्सआर३-रेड’ हे ओतलेलं असतं, तेवढं वाचलं की बास.

---

अक्रोड_अन्_शिसव

फ्रेमचा निकाल लागलाच आहे, आता निवडीबद्दल. ‘के/एल राउंड बट’ एवढं शोधात टाकलंत तरी समोर तीन प्रकार येतील. राउंडवर राउंड, राउंड टू स्क्वेअर, आणि एकसंध मूठ.

कुठली घ्यावी हे आवडीने ठरवू नका, बोटाने ठरवा. रिकामं रिव्हॉल्व्हर हातात असं धरा की अंगठा आणि तर्जनीमधली खोबण मागच्या पट्टीवर जमेल तितकी वर बसेल आणि नळी कोपरापासूनच्या हाडाच्या रेषेत येईल. आता तर्जनी चापावर ठेवा. डबल अ‍ॅक्शनने ओढायचं असेल तर चाप पहिल्या पेराच्या मांसल भागावर किंवा पेराच्या सांध्याजवळ यायला हवा. नुसतं टोकच पोचत असेल तर मागची पट्टी उघडी ठेवणारी मूठ घ्या. सांधा ओलांडून बोट पलीकडे जात असेल तर पट्टी झाकणारी. झाकणाऱ्या मुठीत पट्टीवर काही मिलिमीटर रबर किंवा लाकूड येतं आणि चाप तेवढाच लांब जातो. रबर मागे असलं की धक्का मऊ लागतो हे खरं, पण स्टीलच्या के फ्रेममध्ये .३८ स्पेशलचा धक्का आहेच किती. तुमच्या नगासाठी पट्टी झाकायची ती हात मोठा असेल तरच, धक्क्यासाठी नको.

दुसरी जागा म्हणजे चापाच्या कडीमागची पोकळी. बारीक, जुन्या धाटणीच्या लाकडी मुठीत कडी आणि पुढची पट्टी यांच्यामध्ये खोबण उघडी राहते. मधलं बोट तिथे वर सरकतं आणि प्रत्येक वेळी कडी त्याच्या पेरावर आपटते. यावर दोन उपाय. ती पोकळी भरणारी मूठ घ्या, किंवा बारीक मूठ ठेवून पोकळीत बसणारा धातूचा अ‍ॅडाप्टर लावा. टायलरचा टी-ग्रिप त्यातला सगळ्यांना माहीत असलेला.

बोटांच्या खाचा असलेली मूठ मी कुणालाही न बघता घ्यायला सांगत नाही. खाचा दुसऱ्याच्या बोटांच्या मापाच्या असतात. तुमचं बोट खाचेत न येता उंचवट्यावर आलं की पकड दर वेळी वेगळी पडते.

डाव्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, लाकूड कोरून पातळ केलेलं हवं. नसेल तर रिकामी पुंगळी बाहेर पडताना मुठीच्या कडेवर अडकते आणि स्पीडलोडर (सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन) तिरका बसतो. तपासायला डमी (दारू नसलेलं) काडतूस घ्या, सिलिंडर उघडा, मुठीला सगळ्यात जवळचं घर बघा. डमी त्यात सरळ जायला हवी. मुठीला घासून वाकडी जात असेल तर ती मूठ बाद.

सामग्रीबद्दल फार लिहीत नाही. अक्रोड कामाला सोपा आणि हलका. शिसव जड, तेलकट, पाण्याला बरी, पण पातळ कडेला तडकते. थर चिकटवलेलं लॅमिनेट सगळ्यात स्थिर, दमट हवेत हलत नाही, मात्र गुळगुळीत पॉलिश केलेलं असेल तर घामात निसटतं. जी-१० आणि मायकार्टा (राळेत दाबलेल्या कापडाच्या थरांचे) अविनाशी म्हणावेत असे, पण जी-१० ची खरबरीत जाळी कापडाचं अस्तर खाते. रबर पुन्हा घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की ते ओल धरून ठेवतं. ब्लूइंगखाली गंज चढतो तो बहुधा मुठीच्या आतच, कारण तिथे कुणी बघत नाही.

आणि ती चिकट झालेली मूठ स्पिरिटने पुसून दोन दिवस बरी वाटेल, मग परत तेच. रबरातलं मऊपणा देणारं द्रव्य बाहेर येतंय. त्यावर कायमचा इलाज नाही, टाकून द्या.

---

मुठीतली_फट

मूठ काढली. तळाशी डी ने सुरू होणारा नंबर मिळाला. मागची पट्टी पुढे वळलेली आहे, कोपरा नाही, म्हणजे राउंड बटच. सिलिंडर ३६.८ मिमी.

उजव्या बाजूला साइडप्लेटचे तीन स्क्रू दिसतात. पुढचा आणि वरच्या बाजूचा यांपैकी एकाचं डोकं सपाट आहे, दुसऱ्याचं किंचित फुगीर. मुठीखाली झाकला जाणारा जो आहे त्याचं डोकं फुगीर आहे आणि ते पृष्ठभागाच्या वर आलंय. नख अडकतं.

पुढच्या पट्टीत खाली आणखी एक स्क्रू आहे, तो थोडा बाहेर आलेला दिसतो. मुठीखाली मागच्या पट्टीवर तपकिरी डाग आहेत. मागवलेला जोड परत करतोय, राउंड बटचा अक्रोडाचा मागवतो, मागची पट्टी उघडी असलेला. बोट टोकानेच पोचतंय.

---

वर्नियर_हाती

उजव्या बाजूचं कारण तुम्हीच सांगितलंत. कुणीतरी साइडप्लेट उघडून स्क्रूंची अदलाबदल केलीय. मुठीखाली येतो तो स्क्रू सपाट डोक्याचाच असतो, लाकूड त्यावर टेकून बसावं म्हणून. तिथे फुगीर डोकं आलं की उजवा भाग तेवढा उचलला जातो, आणि लोक मग लाकूड आतून कोरत बसतात. दोघांची अदलाबदल परत करा. एका वेळी एकच स्क्रू काढा, म्हणजे साइडप्लेट सुटणार नाही. इथे दोन्ही एकदम निघणं भाग आहे, तर तिसरा घट्ट राहू द्या आणि प्लेटला हात लावू नका. आटे सहज लागले पाहिजेत. सुरुवातीलाच अडकलं तर जबरदस्ती नको, काढून पुन्हा सरळ लावा.

स्क्रू ड्रायव्हरचं पातं घरगुती, पाचरीसारखं निमुळतं नको. ते खाचेच्या वरच्या कडांवरच जोर देतं, निसटतं आणि ब्लूइंगवर ओरखडा काढतं. पात्याच्या दोन्ही बाजू समांतर घासलेल्या हव्यात, रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी, जाडी खाचेत हलणार नाही एवढी.

पुढच्या पट्टीतला तो स्क्रू मुठीचा नाही. तो मुख्य स्प्रिंगला ताण देतो, स्ट्रेन स्क्रू म्हणतात. के, एल, एन फ्रेममध्ये पट्टीची सपाट स्प्रिंग असते आणि हा स्क्रू तिला मागे रेटून ताणतो. स्मिथच्या जे फ्रेममध्ये गुंडाळीची स्प्रिंग असल्यामुळे हा स्क्रूच नसतो, हीसुद्धा ओळखायची एक चांगली खूण. तो सैल असला की चाप हलका लागतो आणि खूश होऊन लोक तसाच ठेवतात. घोड्याचा ठोका मंद पडतो आणि काडतूस पेटत नाही. हा स्क्रू पूर्ण घट्ट हवा, अर्धवट नाही. रबरी मुठीखाली तो झाकलेला असल्यामुळे हळूहळू सुटलेला कुणाच्या लक्षात येत नाही. नवी मूठ चढवण्याआधी घट्ट करा.

डागांसाठी पातळ तेल लावून तासभर राहू द्या, मग सगळ्यात बारीक स्टील वूल तेलात बुडवून, बोटाचा दाब न देता फिरवा. तपकिरी जातं, काळं राहतं. काळं राहिलं तर राहू द्या. घासून चकचकीत केलंत की खालचं उघडं लोखंड दिसेल आणि नवा गंज तिथूनच सुरू होईल.

---

अक्रोड_अन्_शिसव

नवा जोड आल्यावर आधी स्क्रू न लावता दोन्ही भाग हाताने दाबून बघा. नुसत्या बोटांच्या दाबाने खुंटीवर बसले पाहिजेत. स्क्रू हा जोड धरून ठेवण्यासाठी असतो, तो ओढून बसवण्यासाठी नाही. स्क्रूने ओढून फट मिटवलीत की लाकूड कायम वाकलेलं राहतं आणि एक दिवस भोकापासून कडेपर्यंत चीर जाते. मुठी फुटतात त्यातल्या बऱ्याच अशाच.

फट राहिली तर कुठे अडतंय ते आधी शोधा. फ्रेमच्या कडेला लिपस्टिकचा अगदी पातळ थर द्या, लाकूड सरळ दाबा, सरळ उचला. आतल्या बाजूला जिथे रंग उमटला तो उंचवटा. तेवढाच धारदार पात्याने खरवडा. कानशीने नव्हे, कानस शेजारचंही नेते. पुन्हा दाबा, पुन्हा बघा. पाच-सहा फेऱ्या लागतात. प्रत्येक वेळी निघालेला भुसा मिठाच्या चिमटीपेक्षा जास्त दिसला तर तुम्ही घाई करताय.

वरची दोन टोकं, फ्रेमच्या खांद्याला भिडतात ती, यांना केसभर फट ठेवा. तिथे लाकूड टेकलेलं असेल तर प्रत्येक झटक्याचा मार त्या पातळ टोकावर येतो आणि तुकडा उडतो. मार खुंटीने आणि मागच्या पट्टीच्या लांब कडेने घ्यायचा.

खुंटीचं भोक सैल निघालं तर मूठ हातात कुरकुरते. भोकात थोडं इपॉक्सी भरा, फ्रेमला आणि खुंटीला मेणाचा थर द्या, दाबून ठेवा, घट्ट झालं की काढा. मेण विसरलात तर मूठ फ्रेमला कायमची चिकटली म्हणून समजा. स्प्रिंगच्या बाजूला इपॉक्सी ओघळू नये म्हणून आत चिकटपट्टी लावून घ्या.

आतून खरवडलेलं लाकूड उघडं सोडू नका. जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन-तीन पातळ हात, मध्ये एकेक दिवस. बाहेरून चकाकी आणि आतून कोरडं लाकूड असलं की ओल एका बाजूने शिरते आणि भाग वाकतो. तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा चुरगळलेला बोळा आपोआप पेटतो.

स्क्रू बोटाने घट्ट, मग ड्रायव्हर दोन बोटांत धरून पाव फेऱ्याच्या आत थांबा. सुटत असेल तर आट्यांवर नेलपॉलिशचा ठिपका पुरे. लॉकटाइटसारखं द्रव्य प्लास्टिकच्या मुठीवर ओघळलं तर काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

---

दक्षिणावर्त

एक भर. स्क्रू लावून झाला की रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने अगदी हळू मागे ओढा आणि तसाच अंगठ्याने धरून खाली आणा. मुठीचा आडवा स्क्रू वाकलेला किंवा तिरका गेलेला असेल तर स्प्रिंग त्याला घासते. मधेच कर्र असं बारीक जाणवतं. स्क्रू काढून उजेडात बघितला तर मधोमध एक चकचकीत ओरखडा दिसतो. तसं दिसलं तर स्क्रू बदला, स्प्रिंग घासू नका.

परत पाठवण्याआधी एक बघा, आधीची कुठली लाकडी मूठ सोबत पडलेली आहे का. कारखान्याच्या जुन्या मुठीच्या उजव्या भागाच्या आत बहुधा सिरीयल नंबर पेन्सिलने लिहिलेला किंवा ठोकलेला असतो. बटच्या तळाच्या नंबराशी जुळला तर ती मूठ त्याच नगाची. तिला घासू नका, तेलही लावू नका. स्क्रूभोवती नक्षी सोडून हिऱ्याच्या आकाराचं सपाट लाकूड असेल, तर ती १९६८ पर्यंतच्या धाटणीची. अशा मुठीची वेगळी किंमत येते. तुमच्या १०-७ च्या काळाशी ती जुळत नाही, म्हणजे तशी मिळाली तर ती दुसऱ्या नगावरून आलेली.

---

मुठीतली_फट

स्क्रूंची अदलाबदल केली, मुठीखालचा आता पृष्ठभागाशी सपाट आहे. स्ट्रेन स्क्रू जवळजवळ एक पूर्ण फेरा आत गेला, चाप जाणवण्याइतका जड झाला.

राउंड बटचा जोड आला. डावा भाग लगेच बसला. उजवा खुंटीच्या वर, कमानीच्या मागच्या कडेला अडत होता. लिपस्टिकने दाखवलं, तीन फेऱ्यांत मिटलं. घोडा ओढताना आवाज नाही. डमी डाव्या घरात सरळ जाते. एकच शंका. वरच्या टोकांना फट ठेवलीय ती डोळ्याला दिसते. किती असावी?

---

अक्रोड_अन्_शिसव

वहीचा एक कागद अडकत-अडकत सरकावा, दोन घातले तर अडकावेत. त्याहून जास्त असेल तरी मूठ टिकेल, फक्त डोळ्याला खुपेल. पहिल्या पन्नासेक काडतुसांनंतर मूठ एकदा काढून आत बघा. लाकूड कुठे चकचकीत दाबलं गेलंय का ते. खुंटीभोवती आणि मागच्या कडेला असेल तर ठीक. वरच्या टोकाला असेल तर तिथे आणखी एकदा पातं फिरवा.